जुन्या गाडीचं चाक ‘बोलायला’ लागलं तर : टिकाऊ बेअरिंग कसं निवडायचं?

बदनापुरात आणि आसपासच्या खेड्यांत पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या सर्रास दिसतात. कुणाकडे जीप, कुणाकडे ओम्नी, कुणाचा छोटा टेम्पो. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओत जाऊन नोंदणीचं नूतनीकरण करून आणायचं आणि गाडी पुन्हा लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला जुंपायची. नवी गाडी घेणं सगळ्यांना झेपत नाही. शिवाय जुन्या गाडीचं काम गावातच होतं. त्यामुळे इंजिन, बॅटरी, टायर याकडे आपलं लक्ष असतं. चाकाच्या आत बसलेल्या बेअरिंगकडे मात्र ते ओरडायला लागेपर्यंत कुणी पाहत नाही. आम्हीही पाहिलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे खुलताबादला जियारतीसाठी गेलो होतो. गाडी अब्बांच्या वेळची जुनी जीप. माणसं किती होती ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो : लहान-मोठी मिळून तेरा. परत येताना दौलताबादच्या घाटात पुढच्या डाव्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली. टायरचा आवाज असेल म्हणून दुर्लक्ष केलं. घाट उतरल्यावर जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून हबजवळ हात नेला तर हात ठेववत नव्हता. बायका-मुलांना बसने पाठवलं आणि गाडी पायी चालल्यासारखी हळूहळू घरी आणली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी जॅक लावला, चाक हाताने फिरवलं आणि म्हणाले, “मास्टर, चक्का बोलरा. कब डाले थे बेरिंग?” आठच महिने झाले होते. शहरातल्या एका दुकानातून नामांकित कंपनीच्या डब्यातलं बेअरिंग आम्हीच आणून दिलं होतं, तेही जवळजवळ निम्म्या भावात. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. उस्तादांनी ते काढून डिझेलने धुतलं, फडक्याने पुसलं, तर रिंगेवरचं कंपनीचं नाव फडक्यालाच लागून आलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख ‘नकली मालापासून सावध’ इतकाच झाला असता. पण त्याच चाकात आणखी दोन गोष्टी सापडल्या. ऑइल सील जुनंच ठेवलं होतं, ते आम्हीच “राहू द्या, चालतंय” म्हणून ठेवायला लावलं होतं. आणि नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता. म्हणजे बेअरिंग अस्सल असतं तरी ते फार दिवस टिकलं नसतं.

जुनं बेअरिंग फेकू नका, आधी ते वाचा

नवं बेअरिंग आणायला जाण्याआधी जुनं का गेलं ते समजून घ्यावं, नाहीतर त्याच कारणाने नवंही जातं. बहुतेक गॅरेजांत जुनं बेअरिंग काढलं की थेट भंगारच्या डब्यात जातं. तसं करू देऊ नका. धुऊन, उजेडात धरून पाहा. डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसं हे वाचता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

ज्या पट्टीवरून गोळ्या किंवा रोलर फिरतात तिथे खपली निघाल्यासारखे खड्डे असतील, तर पोलाद थकलं आहे. वय झालं किंवा बोजा जास्त झाला. रिंग निळसर-तपकिरी झाली असेल तर ती तापलेली आहे : ग्रीस संपलं, चुकीचं भरलं किंवा नट फार आवळला. आमच्या बेअरिंगचा रंग असाच होता. पट्टीवर सारख्या अंतरावर, गोळ्यांच्या मापाचे दबलेले डाग दिसले तर बसवताना हातोडा बसला आहे किंवा चाकाला मोठा दणका बसला आहे. तांबूस गंज असेल तर पाणी शिरलं. चमक जाऊन राखाडी, घासल्यासारखा पृष्ठभाग झाला असेल तर धूळ आत गेली.

आपल्या भागात शेवटची दोन कारणं फार आढळतात. उन्हाळाभर शेतरस्त्यांची बारीक धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि मग गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट हबवर. चिखल जितका आत जात नाही तितकं पाणी हा फवारा आत ढकलतो. फवारा चाकाच्या मधोमध धरू नका, असं धुणाऱ्या पोराला सांगायला हरकत नाही.

बोज्याचं गणित आम्ही नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य बोज्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे बोजा दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा भाग उरतं. बोजा फक्त सव्वापट केला तरी सव्वाचा घन जवळजवळ दोन येतो, म्हणजे आयुष्य साधारण निम्म्यावर. रोलरच्या बेअरिंगचं प्रमाण यापेक्षाही किंचित कडक आहे. नऊ माणसांच्या जीपमध्ये तेरा बसवले की कोणतं बेअरिंग टिकाऊ, हा प्रश्न विचारायचा हक्क आपण अर्धा गमावलेला असतो. तेरातली सहा मुलं होती ही आमची पळवाट, पण खाण्याचे डबे आणि गॅसची टाकीही होती.

आवाज नक्की बेअरिंगचाच आहे का?

बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर एक आणि सिमेंटवर दुसरा. बेअरिंगचा आवाज रस्त्याकडे फारसं पाहत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं. म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूचा, उजव्या वळणावर वाढली तर डाव्या बाजूचा.

मग चाक जॅकवर घ्यावं. जॅकच्या जोडीला दगड नव्हे, नीट घोडी लावावी. टायर वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट पाहावा लागेल. फक्त चाक तापत असेल आणि आवाज नसेल तर ब्रेक धरून राहतोय का, हे आधी बघा. ब्रेकच्या दोषासाठी बेअरिंग बदलून आलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

नंबर हीच खरी ओळख

दुकानात जाऊन “जीपचं पुढचं बेअरिंग द्या” असं म्हणणं म्हणजे “डोकेदुखीची लाल गोळी द्या” म्हणण्यासारखं आहे. त्याच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी बेअरिंगं आली असू शकतात, आणि जुन्या गाडीत मधल्या काळात कुणी हबच बदललेला असतो. जुन्या रिंगेवर कोरलेला नंबर लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, जमलं तर गाडीच्या पुस्तकाशी पडताळा.

हा नंबर वाचायला सोपा आहे. घरोघरी असलेल्या मोटारसायकलींचं उदाहरण घेऊ. १०० सीसीच्या पुष्कळ गाड्यांच्या चाकात ६३०१ नंबरचं बेअरिंग असतं. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं, गोळ्यांचं बेअरिंग. पुढचा ३ म्हणजे त्याची मालिका. ३ ची मालिका २ च्या मालिकेपेक्षा जाडजूड. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. म्हणजे ०४ चे २०, ०५ चे २५. तेव्हा ६३०१ चं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७ आणि जाडी १२. ६२०१ चं भोकही १२ मिलिमीटरच, पण बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १०. दांड्यावर बसतं म्हणून कुणी ते सुचवलं तर हात जोडावेत.

नंबरच्या पुढे अक्षरं येतात. झेडझेड किंवा २झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं आहेत. २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. काही जपानी कंपन्या त्यालाच डीडीयू किंवा एलएलयू म्हणतात. पत्र्याचं झाकण खडा अडवतं, पाणी अडवत नाही. आपल्या धूळ-चिखलाच्या रस्त्यांवर मोटारसायकलच्या चाकाला रबरी सीलचंच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. भावातला फरक चहा-नाश्त्याचा असतो. सी३ असं लिहिलेलं असेल तर आत नेहमीपेक्षा किंचित जास्त मोकळीक ठेवलेली आहे. ते ‘भारी’ क्वालिटीचं चिन्ह नाही. गाडीच्या पुस्तकात किंवा मूळ बेअरिंगवर सी३ असेल तरच तसं घ्यावं.

जीप, जुने टेम्पो यांच्या पुढच्या चाकांत सहसा गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असतात. त्याचे दोन भाग : आतला रोलरसकट कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेला कप. ही रचना अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन या बग्ग्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ साली पेटंट करून घेतली. वळताना बग्गीच्या चाकावर आडवा जोर येतो, तो सरळ रोलरला पेलत नव्हता. निमुळता रोलर उभा आणि आडवा दोन्ही जोर घेतो. आपल्याकडच्या लाकडी बैलगाडीत आसाला वंगण लावून हेच दुखणं सांभाळलं जायचं.

महिंद्राने १९४७ पासून इथे जोडायला घेतलेली जीप मूळची अमेरिकन विलीज, म्हणून जुन्या जीपांत इंचांतली बेअरिंगं सापडतात आणि तिथे वरचा पाचाचा पाढा चालत नाही. विलीजच्या पुढच्या चाकातला कोन १८५९० आणि कप १८५२०. आमच्या एका विद्यार्थ्याने नव्वदला पाचने गुणून भोक ४५० मिलिमीटर काढलं होतं, म्हणजे जवळजवळ चाकाच्या रिमएवढं. अशा बेअरिंगला कोनाचा नंबर वेगळा आणि कपाचा वेगळा, दोन्ही लिहून न्यावेत. आणि कोन नवा, कप जुना असं कधीच करू नये. कप काढायला कष्ट पडतात म्हणून काही ठिकाणी तो तसाच सोडतात. जुन्या कपावरचे ओरखडे नव्या रोलरला काही दिवसांत खाऊन टाकतात.

नाव कोणाचं पाहायचं?

“विदेशी द्या” असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. खरं तर बहुतेक मोठी नावं आपल्याच देशात बनतात. एसकेएफचा कारखाना पुण्यात चिंचवडला आहे, एफएजीचा वडोदऱ्याला, टिमकेनचा जमशेदपूरला. एनबीसी ही जयपूरची कंपनी १९४६ पासूनची. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीतही एनआरबी कंपनीचा बेअरिंगचा कारखाना आहे. कंपनी १९६५ ची, आणि तिची ओळख सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगांची. ती मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये जातात.

जालना म्हटलं की मुलं विचारतात, “सर, आपल्या सळईच्या पोलादाचं बेअरिंग होतं का?” होत नाही. सळईला वाकण्याची सोय लागते, बेअरिंगला कठीणपणा. त्याच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं, ते तापवून-विझवून कडक केलेलं असतं आणि आत अशुद्धीचा कणही चालत नाही, कारण खपली तिथूनच निघायला सुरुवात होते. नकली माल मार खातो तो इथेच. बाहेरून चकाकी तीच, डबा तोच, पण आतल्या पोलादाची शुद्धता आणि उष्णतेची प्रक्रिया डोळ्यांना दिसत नाही. भंगारातली बेअरिंगं धुऊन, घासून, नव्या डब्यात घालून विकण्याचा धंदाही चालतो.

मग ओळखायचं कसं? छपाईतल्या चुका, फिकट शिक्का, बोटाला लागणारी अक्षरं या खुणा उपयोगी आहेत, पण हुशार नकलाकार त्याही चुकू देत नाही. आम्ही आता तीन गोष्टी करतो. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतो, त्यांची यादी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असते. जीएसटीचं पक्कं बिल घेतो, त्यावर बेअरिंगचा नंबर लिहायला लावतो. आणि शंका आली तर मोबाइलवर तपासतो : एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप आहे, एफएजी-आयएनए बनवणाऱ्या शेफलरचं ओरिजिनचेक. मागच्या वेळी आमच्याकडे बिलच नव्हतं. दुकानदाराने सरळ हात वर केले. बिल असतं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती, जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापर्यंतही जाता आलं असतं.

आपल्या समाजातली किती मुलं गॅरेज आणि स्पेअरपार्टच्या धंद्यात आहेत, हे सांगायला नको. मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून दुकानात बसणाऱ्या आपल्या भावांना एक विनंती आहे. गिऱ्हाईक “स्वस्तातलं द्या” म्हणतं तेव्हा त्याला कमी नावाजलेल्या पण खऱ्या कंपनीचं बेअरिंग तिच्याच नावाने द्या. ते मोठ्या नावाच्या खोट्या डब्यापेक्षा चांगलं चालतं, आणि गिऱ्हाइकाला आपण काय घेतलं ते माहीत असतं.

बसवण्यात निम्मं आयुष्य

उस्ताद म्हणतात, बेअरिंग दुकानात मरत नाही, गॅरेजात मरतं. आम्ही त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसलो आणि पाहिलं. नवा कप बसवताना त्यांनी जुन्या कपाची रिंग मधे ठेवली आणि तिच्यावर सावकाश, चौफेर ठोकलं. हातोडा नव्या पोलादाला थेट लागू दिला नाही. मोटारसायकलच्या हबमध्ये बेअरिंग घालताना जोर बाहेरच्या रिंगेवरच द्यायचा. आतल्या रिंगेवर ठोकलं की तो दणका गोळ्यांतून जातो आणि पट्टीवर डाग पडतात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं आणि मग आपण कंपनीला दोष देतो.

हबमध्ये बेअरिंग सैल बसत असेल तर पंचने टिचके मारून ते घट्ट करण्याची रीत आहे. काही दिवस भागतं, मग टिचके झिजतात आणि रिंग हबमध्ये फिरू लागते. लेथवर हब बोअर करून बुश बसवणं किंवा हबच बदलणं हा खरा इलाज. महाग आहे, पण सैल हबमध्ये भारीतलं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

ग्रीसचं म्हणाल तर चाकाला एपी-३ सारखं लिथियमचं ग्रीस लागतं. चासीला मारायचं साधं कॅल्शियमचं ग्रीस ९०-१०० अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहून जातं, लिथियमचं १८० च्या पुढेही तग धरतं. घाटात ब्रेक तापले की हा फरक कळतो. काळं ग्रॅफाइट ग्रीस पाट्यांसाठी आहे, ते बेअरिंगला नको. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढावं आणि तळहातावर नवं घेऊन कोनाच्या रोलरमध्ये दाबून भरावं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मात्र हबची पोकळी ठासून भरू नये, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त ग्रीस घुसळून घुसळून तापतं. ऑइल सील दर वेळी नवं. यावर आम्ही आता वाद घालत नाही.

शेवटचं आणि आमच्या बाबतीत सगळ्यात महागात पडलेलं काम म्हणजे नट. निमुळत्या रोलरचं बेअरिंग जितकं घट्ट तितकं चांगलं, हा गैरसमज आहे. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सैल करायचा आणि पुन्हा फक्त बोटांच्या जोराने टेकवायचा. गाडीच्या पुस्तकात टॉर्क दिला असेल तर तोच पाळायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि खेळ अगदी नावाला असावा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. गोळ्यांच्या सीलबंद बेअरिंगला ही भानगड नाही, तिथे नट सांगितलेल्या टॉर्कला पूर्ण आवळायचा असतो. शेवटी कॉटर पिन नवीच घालायची, जुनी सरळ करून नव्हे. ती तुटली तर नट सुटतो आणि चाक गाडीच्या पुढे निघून जातं.

दुसऱ्या बाजूचं चाकही त्याच दिवशी उघडून धुऊन पाहिलं. बेअरिंग ठीक होतं, म्हणून नवं ग्रीस आणि नवं सील घालून तसंच ठेवलं. दोन्ही बाजू एकदम बदलल्याच पाहिजेत असं नाही. मोटारसायकलच्या एका चाकातली दोन्ही बेअरिंगं मात्र सोबत बदलावीत, मजुरी एकच लागते.

समृद्धी महामार्गाने आता लोक जुन्या गाड्या घेऊन नागपूर, शिर्डी करू लागले आहेत. ताशी ५०-६० ने गावात चालणारं बेअरिंग सलग तासभर १०० च्या वेगाने पळवलं की किती तापतं, याचा अंदाज घरी येत नाही. आधी जवळच्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या फेरीत तपासा. थांबल्यावर हाताची मागची बाजू चारही हबजवळ न्या. चारही सारखे कोमट हवेत, एखादाच वेगळा तापला असेल तर तो उघडा.

नवं बेअरिंग घातल्यावर पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर उस्तादांनी गाडी परत बोलावली होती. आम्ही आठवड्याने गेलो. चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, फिरवलं, कान लावला. नट अर्धा खाच पुढे घेतला, पिन बदलली आणि पैसे घेतले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, “इस बार कितने लोग बिठाए थे?”